लाकडी हौद्याचे संरक्षण

मालमोटार, जोडगाडी (ट्रेलर) किंवा बैलगाडी यांचा फळ्यांचा तळ ऊन, पाऊस, बुरशी व वाळवी यांपासून टिकवून ठेवण्याच्या उपायांना लाकडी हौद्याचे संरक्षण असे म्हणता येईल. कुजलेली फळी वरून धड दिसली तरी आतून पोकळ असू शकते आणि भरल्या ओझ्याखाली अचानक मोडते. म्हणून या विषयाचा संबंध माल व माणसे या दोहोंच्या सुरक्षिततेशी आहे.

कूज होण्याची कारणे

लाकूड कुजविण्याचे काम बुरशी करते. तिला अन्न, हवा, ऊब व ओलावा या चार गोष्टी लागतात. यांपैकी ओलाव्यावर तेवढे नियंत्रण ठेवता येते. लाकडातील पाण्याचे प्रमाण कोरड्या लाकडाच्या वजनाच्या सुमारे २० टक्क्यांच्या आत राहिल्यास कूज सहसा सुरू होत नाही. पुणे शहरात वर्षाला सरासरी ७०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो व त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या काळात पडतो. त्याआधीच्या उन्हाळ्यात फळ्यांना भेगा पडलेल्या असतात. पावसाचे पाणी त्यांतून खोल शिरते.

लाकडाची निवड

सागाच्या गाभ्यातील तैलयुक्त द्रव्यांमुळे बुरशी व वाळवी यांना तो सहज बळी पडत नाही. मात्र सालीलगतचे फिकट लाकूड सागाचे असले तरी लवकर कुजते. त्यामुळे फळी निवडताना झाडाच्या नावाइतकेच ती खोडाच्या कोणत्या भागातील आहे हेही पाहावे लागते.

बांधणी

पाणी साचू न देणे हा सर्वांत स्वस्त उपाय होय. फळ्यांमध्ये थोडी फट ठेवल्यास पाणी खाली निथळते व हवा खेळती राहते. फळीच्या कापलेल्या टोकांतून पाणी सर्वाधिक वेगाने शोषले जाते, म्हणून टोकांना संरक्षक द्रव्याचे अधिक हात द्यावेत. पुण्यातील जुन्या वाड्यांत हेच तत्त्व आढळते : लाकडी खांब जमिनीत न पुरता दगडी तळखड्यावर उभा केल्याने त्याच्या टोकाला जमिनीची ओल लागत नाही.

संरक्षक द्रव्ये

जवसाचे तेल कोरड्या लाकडात मुरते व पाणी शिरण्याचा वेग कमी करते. ते वेळोवेळी पुन्हा द्यावे लागते. या तेलाचे बोळे आपोआप पेट घेऊ शकतात, म्हणून ते पाण्यात भिजवून टाकावेत. रंगाचा थर तडकल्यास आत शिरलेले पाणी लवकर वाळत नाही. वापरलेले इंजिन तेल लावण्याची पद्धत टाळावी. त्याने तळ निसरडा होतो व माती-पाणी दूषित होते.

तांबे, क्रोमियम व आर्सेनिक यांच्या क्षारांचे मिश्रण भारतीय शास्त्रज्ञ सोंटी कामेसम यांनी १९३३ साली शोधले. बंद टाकीत दाब देऊन ते लाकडात खोलवर भरतात. तांबे बुरशीला व आर्सेनिक किडींना मारक ठरते, तर क्रोमियममुळे ही द्रव्ये लाकडात टिकून राहतात. आर्सेनिकच्या विषारीपणामुळे अनेक देशांनी या मिश्रणाच्या वापरावर निर्बंध घातले आहेत. असे लाकूड चुलीत जाळू नये. तांबेयुक्त द्रव्यांमुळे साधे लोखंड लवकर गंजते. अशा फळ्यांना जस्ताचा मुलामा दिलेले बोल्ट वापरावेत.

देखभाल

माती, शेण, खत व ओला पाला तळावर राहू दिल्यास ओल टिकून राहते. खेप संपताच तळ झाडून घ्यावा. ताडपत्री फळ्यांना चिकटवून न पसरता तिच्याखाली हवा खेळेल अशी उंच ताणावी. पावसाळ्यापूर्वी व नंतर फळ्या, विशेषतः बोल्टांच्या भोवती आणि खालच्या बाजूने, तपासाव्यात. ठोकल्यावर बद्द आवाज आला किंवा टोच्या सहज आत गेला, तर ती फळी बदलावी. कुजलेल्या भागावर तेल वा रंग दिल्याने तिची गेलेली ताकद परत येत नाही.