प्रोबायोटिकचा डोस: आकडा मोठा म्हणजे गुण मोठा?

पैठण तालुक्यातलं पाचोड हे मोसंबीच्या बाजारासाठी ओळखलं जाणारं गाव. आसपासच्या खेड्यांतली माणसं बाजाराला येतात आणि परतताना मेडिकलमधून औषधंही घेऊन जातात. हल्ली त्या औषधांत ‘पोटातले चांगले जिवाणू’ म्हणजेच प्रोबायोटिक असलेली कॅप्सूल, पुडी किंवा कुपीही असते. डब्यावर ‘बिलियन सीएफयू’ असं लिहिलेलं असतं. 1 बिलियन म्हणजे 100 कोटी जिवंत जिवाणू. कुठे 2 बिलियन, कुठे 25. मग ज्याचा आकडा मोठा आणि किंमत जास्त, तेच चांगलं, असा समज होतो. कष्टाचा पैसा असा वाया जाऊ नये आणि आजारपणात नेमका इलाज चुकू नये, म्हणून हे गैरसमज दूर व्हायला हवेत.

गैरसमज 1: जितके जास्त जिवाणू, तितका जास्त फायदा.

वस्तुस्थिती: योग्य डोस म्हणजे ज्या मात्रेत त्या जिवाणूची त्या आजारासाठी चाचणी झाली, ती मात्रा. पूरक आहार म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रोबायोटिकच्या रोजच्या मात्रेत किमान 10 कोटी जिवंत जिवाणू हवेत, असं देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे (एफएसएसएआय) 2016 चे नियम सांगतात. त्याहून कमी असतील तर फायद्याचा पुरावा लागतो. आपल्या शरीरात मुळातच सुमारे 38 लाख कोटी जिवाणू आहेत, त्यातले बहुतेक मोठ्या आतड्यात. वरून 500 कोटी घातले की 2,500 कोटी, एवढ्यावरून गुण ठरत नाही.

ओडिशाच्या खेड्यांत 4,556 नवजात बाळांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष 2017 मध्ये ‘नेचर’मध्ये आले. एकाच वाणाचे सुमारे 100 कोटी जिवाणू आणि त्यांना पोसणारी थोडी साखर, फक्त 7 दिवस. रक्तातला जंतुसंसर्ग आणि मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण 9 टक्क्यांवरून 5.4 टक्क्यांवर आलं. मात्रा लहान होती, पण वाण पारखून निवडलेलं होतं. गावाचा इलाज गावातच तपासावा, ही रीत पाचोडला नवी नाही. इथली इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ मॅनेजमेंट चार दशकांहून अधिक काळ ग्रामीण आरोग्यावर तसंच काम करत आली आहे. मात्र ओडिशाचा हा प्रयोग वाचून कुणीही घरच्या घरी बाळाला प्रोबायोटिक देऊ नये.

गैरसमज 2: प्रोबायोटिक कुठलंही घ्या, सगळी सारखीच.

वस्तुस्थिती: कपाशीचं बियाणं घेताना शेतकरी आधी वाण विचारतो, मग वजन. इथेही तेच करावं. लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅमनोसस जीजी हा एक जिवाणू, सॅकरोमायसिस बोलार्डी हे यीस्ट, तर बॅसिलस क्लॉसी कुपीतून बीजाणूंच्या रूपात मिळतो. एका 5 मिलीच्या कुपीत 200 कोटी. एकाचा डोस दुसऱ्याला लावता येत नाही. लेबलवर पूर्ण नाव, वाण आणि मुदत संपेपर्यंत टिकणारी संख्या नसेल, तर तो डबा घेऊ नका.

गैरसमज 3: डब्यावर लिहिलेत तेवढे जिवाणू पोटात जातातच.

वस्तुस्थिती: मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. फ्रिजमध्ये ठेवायची पुडी तापलेल्या दुकानात किंवा गाडीच्या डिकीत राहिली, तर त्यातले बरेच जिवाणू मरतात. बीजाणू मात्र उष्णता बऱ्यापैकी सोसतात. म्हणून साठवणुकीची सूचना आणि मुदत आधी वाचा. पुडी गरम दुधात किंवा चहात कधीच टाकू नका.

गैरसमज 4: अँटिबायोटिक घेतलं की महिनाभर प्रोबायोटिक हवंच.

वस्तुस्थिती: अँटिबायोटिकमुळे मुलांना होणारे जुलाब प्रोबायोटिकने कमी होतात, याला चांगला पुरावा आहे. वर सांगितलेलं जीजी वाण किंवा बोलार्डी, दिवसाला किमान 500 कोटी, आणि तेही अँटिबायोटिकच्या पहिल्या दिवसापासून. जिवाणूंची पुडी असेल तर दोन्हींमध्ये दोन-तीन तासांचं अंतर ठेवावं. बोलार्डी यीस्ट असल्याने जिवाणूनाशक औषधाने मरत नाही. पण कोर्स संपल्यावर ‘पोट पूर्ववत व्हावं’ म्हणून प्रोबायोटिक महिनाभर घेण्यात अर्थ नाही. इस्रायलच्या वाइझमन संस्थेच्या 2018 च्या अभ्यासात 11 वाणांच्या मिश्रणाने आतड्यातले मूळचे जिवाणू परतायला उलट उशीर झाला.

गैरसमज 5: जुलाब लागले की पहिली कुपी प्रोबायोटिकची.

वस्तुस्थिती: पहिला इलाज ओआरएस. लिटरची पुडी एक लिटर स्वच्छ पाण्यात पूर्ण विरघळवून घोट घोट पाजावी. सहा महिन्यांवरील मुलाला सोबत झिंक, रोज 20 मिलिग्रॅम, 14 दिवस. अंगावरचं दूध आणि जेवण बंद करू नये. अमेरिकेतल्या 2018 च्या मोठ्या चाचणीत जुलाब लागलेल्या मुलांना जीजी वाण दिवसातून दोनदा, प्रत्येक वेळी 1,000 कोटी असं 5 दिवस दिलं, तरी फरक पडला नाही. संडासातून रक्त, डोळे खोल जाणं, लघवी कमी होणं, मूल मलूल पडणं, यांपैकी काहीही दिसलं तर तडक दवाखाना गाठा.

गैरसमज 6: घरचं दही म्हणजे कॅप्सूलइतकाच डोस.

वस्तुस्थिती: विरजणात कोणतं वाण, किती संख्येने आहे, हे घरोघरी बदलतं, म्हणून त्याला औषधाचा डोस म्हणता येत नाही. कढी उकळली की जिवाणू जिवंत राहत नाहीत. पण निरोगी माणसाला रोजच्या कॅप्सूलची गरजच नसते. ताक, ज्वारीची भाकरी, डाळी, उसळी आणि भाज्या पोटासाठी उत्तम. त्यांतल्या चोथ्यावर आतड्यातले आपले जिवाणू पोसले जातात.

गैरसमज 7: नैसर्गिक आहे, अपाय कसला?

वस्तुस्थिती: नेदरलँड्समध्ये स्वादुपिंडाच्या तीव्र दाहाच्या रुग्णांवर झालेल्या चाचणीत (2008) प्रोबायोटिक दिलेल्या गटात 16 टक्के मृत्यू झाले, न दिलेल्या गटात 6 टक्के. अतिदक्षता विभागातले रुग्ण, केमोथेरपी सुरू असलेले, प्रतिकारशक्ती कमी झालेले आणि अपुऱ्या दिवसांची बाळं यांना डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय प्रोबायोटिक देऊ नये.

पुढच्या वेळी मेडिकलवर किंवा दवाखान्यात चार प्रश्न विचारा: कोणत्या त्रासासाठी, कोणतं वाण, रोज किती आणि किती दिवस? चारही उत्तरं मिळाली तरच खरेदी करा. नाहीतर तेच पैसे ओआरएसच्या पुड्या, डाळी आणि भाजीपाल्यावर खर्च करा.