लाकडाचे १२ तुकडे आणि एक वाडगा: वर्कशॉपमध्ये कामाला येणारी भूमिती

फर्निचरच्या वर्कशॉपमध्ये दिवसअखेर सागाचे, शिसवीचे, फणसाचे लहान तुकडे उरतात. बहुतेक जळणात जातात. याच तुकड्यांपासून दोन-तीन रंगांचा, नक्षीदार वाडगा घडवता येतो. उर्दूत ज्याला आपण खराद म्हणतो आणि मराठीत कातकाम, त्याचाच हा प्रकार. यात आधी तुकडे जोडून कडी करायची, कडी एकावर एक चिकटवायची आणि मग लेथवर कातायचं.

आम्हा शिक्षकांना या कामात रस आहे, त्याला कारण आहे. ‘कोन शिकून पुढे उपयोग काय?’ असं मुलं विचारतात. या वाडग्यात त्याचं उत्तर हातात धरून दाखवता येतं.

हिशोब साधा आहे. पूर्ण वर्तुळ ३६० अंशांचं. कड्यात १२ तुकडे असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला ३० अंश. हे ३० अंश तुकड्याच्या दोन टोकांत वाटले जातात, म्हणून करवतीचा कोन १५ अंश. बाहेरचा व्यास २५० मिमी हवा असेल तर तुकड्याची बाहेरची बाजू सुमारे ६७ मिमी ठेवावी लागते. २५० ला १५ अंशांच्या ‘टॅन’ने, म्हणजे ०.२६८ ने, गुणलं की हा आकडा येतो. दहावीच्या त्रिकोणमितीतला तोच ‘टॅन’.

आता चूक कशी वाढते ते पाहा. १२ तुकड्यांना २४ टोकं. प्रत्येक काप फक्त अर्धा अंश चुकला तर एकूण फरक १२ अंशांचा होतो. शेवटच्या सांध्यात बोट जाईल एवढी फट राहते. ती गोंदानं भरली तरी सांधा कच्चाच राहतो आणि लेथवर फिरताना असं कडं फुटून अंगावर उडू शकतं. म्हणून गोंद लावण्याआधी कडं कोरडंच जुळवून उजेडासमोर धरतात. सांध्यातून प्रकाश दिसला तर कोन पुन्हा तपासायचा.

कारागीर आणखी एक युक्ती वापरतात. सहा-सहा तुकड्यांची दोन अर्धी कडी आधी चिकटवतात. ती सुकली की त्यांची टोकं सपाट पाटावर लावलेल्या सँडपेपरवर घासून एका रेषेत आणतात आणि मग दोन्ही अर्धी जोडतात. उरलीसुरली चूक तिथे निघून जाते. कडी एकावर एक चढवताना सांध्यावर सांधा येऊ देत नाहीत. भिंतीतल्या विटांसारखे तुकडे सरकवून बसवतात. साग तेलकट असतो, म्हणून चिकटवण्याआधी सांध्याची बाजू थिनरनं पुसून घेतात.

पावसाळ्यात दार चौकटीत अडकतं, हे घराघरात माहीत आहे. लाकूड रुंदीत फुगतं, लांबीत जवळजवळ नाही. कड्यात प्रत्येक तुकड्याची लांबी गोलाच्या दिशेनं असते, त्यामुळे घेर फारसा बदलत नाही. पण तळाला रुंद अखंड फळी चिकटवली तर ती फुगते, कडं तिला जागा देत नाही आणि सांधा सुटतो. म्हणून तळाची चकती लहान ठेवतात किंवा कड्याच्या आतल्या खाचेत गोंद न लावता सैल बसवतात. सगळं लाकूड चांगलं सुकलेलं असणं ही तर पहिली अट.

लेथवर घाई नको. गोंद पूर्ण एक दिवस सुकू द्यावा. एवढ्या मोठ्या वाडग्याला सुरुवातीला मिनिटाला सुमारे ५०० फेरे पुरतात. मशीन सुरू करताना फिरणाऱ्या कड्याच्या रेषेत उभं राहू नये. सैल बाही, ओढणी, हातमोजे नकोत. चेहऱ्यावर शील्ड हवं. शिसवीच्या भुश्श्यानं काहींच्या त्वचेला आणि श्वासाला त्रास होतो, म्हणून मास्क लावावा. मुलांनी हे काम जाणत्या कारागिराच्या देखरेखीखालीच करावं.

तयार वाडग्याला स्वयंपाकाचं गोडेतेल लावू नका, ते खवट होतं. खाद्य दर्जाचं मिनरल ऑइल आणि मधमाशीचं मेण चालतं. वाडगा फळं, खजूर, सुकामेवा ठेवायला वापरा. गरम सालन त्यात नको आणि धुवायला पाण्यात भिजत ठेवू नका. फणसाचं पिवळं लाकूड उजेडात हळूहळू तपकिरी होतं. रंगांची जोडी निवडताना हेही लक्षात असू द्या.

ज्या घरांत सुतारकाम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं, तिथल्या मुलाला शाळा आणि वर्कशॉप ही दोन वेगळी जगं वाटू नयेत, एवढंच आमचं म्हणणं. सुरुवातीला लाकूडही लागत नाही. जाड पुठ्ठ्याचे, दोन्ही टोकांना १५ अंशांत कापलेले १२ सारखे तुकडे घ्या आणि जमिनीवर जुळवा. शेवटचा तुकडा नीट बसला की मुलांना विचारा: आठच तुकडे घेतले तर कोन किती ठेवाल?