पिस्तुलाची स्वच्छता : द्रावक व वंगण यांच्या निवडीचा रासायनिक विचार

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत पसरलेल्या औद्योगिक पट्ट्यात धातूवरील तेलकट थर काढणे व नव्याने वंगण देणे हा प्रत्येक कारखान्याचा नित्याचा व्यवहार आहे. याच परिसरात खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून उभा आहे, आणि १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी उभारलेल्या बालेवाडीच्या क्रीडासंकुलात नेमबाजीचे केंद्र आहे. साहजिकच, परवानाधारक नेमबाज वा सुरक्षारक्षक पिस्तूल साफ करण्यासाठी कारखान्यातील एखादे 'जोरदार' द्रावक सहज घरी आणू शकतो. जे यंत्राचा सुटा भाग क्षणात लख्ख करते, ते पिस्तुलास का चालू नये, हा प्रश्न वरवर साधा दिसतो. त्याचे उत्तर देण्यासाठी मळ, वस्तू व मनुष्य या तिन्हींचा क्रमाने विचार करावयास हवा.

प्रथम मळाचा विचार करू. गोळीबारानंतर नळीत उरणारा मळ एकजिनसी नसतो. त्यात अर्धवट जळलेल्या दारूचा कार्बन, गोळीचे शिसे, तांब्याचे आवरण असलेली गोळी असल्यास तांबे, आणि प्रारंभक स्फोटकाचे अवशेष असतात. जुन्या काडतुसांच्या प्रारंभकात पोटॅशियम क्लोरेट असे. त्यापासून उरणारे पोटॅशियम क्लोराइड हवेतील ओलावा शोषून पोलादास गंज चढविते. हे लवण तेलात वा रॉकेलमध्ये विरघळत नाही, पाण्यात विरघळते. म्हणून अशा काडतुसांनंतर नळी प्रथम पाण्याने धुऊन, पूर्ण कोरडी करून मगच तेल द्यावे लागते. तांब्यासाठी अमोनियायुक्त द्रावक वापरतात. तांब्याशी संयोग होऊन निळे संयुग तयार होते. परंतु राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धांत ज्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळविले, त्यात वापरली जाणारी ०.२२ इंची काडतुसे बहुधा अनावृत शिशाच्या, मेणाचा वा तेलाचा लेप दिलेल्या गोळ्यांची असतात. तेथे तांबेच नसल्याने अमोनिया निरर्थक ठरतो. किंबहुना पितळी तारेच्या ब्रशातील तांबेही निळा रंग देते व साफ करणाऱ्याची दिशाभूल होते.

आता वस्तूचा विचार. निकेलचा मुलामा पुष्कळदा तांब्याच्या अस्तरावर दिलेला असतो. मुलाम्यास सूक्ष्म भेग असल्यास अमोनिया तेथून शिरून अस्तर विरघळवितो व मुलामा सुटू लागतो. ॲसिटोन अनेक प्लॅस्टिके व लाकडी मुठीवरील रोगण मऊ करते. कारखान्यात कर्तनयंत्रावर वापरले जाणारे 'कूलंट' बहुधा पाणीमिश्रित असते. ते पिस्तुलात राहिल्यास गंजाला आमंत्रणच होय.

सर्वांत महत्त्वाचा विचार मनुष्याचा. द्रावकाचे धोके मुख्यतः दोन प्रकारचे असतात : आगीचे व विषाचे. एक टाळण्याच्या नादात दुसरा ओढवून घेतला जातो, हीच येथील खरी गोम आहे. पेट्रोलचा प्रज्वलनांक, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेट घेते ते तापमान, उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपास असतो. पुण्याच्या कोणत्याही ऋतूत त्याची वाफ पेटण्यास सिद्धच असते. शिवाय त्यात बेंझीन असते. उलट ट्रायक्लोरोएथिलीन व कार्बन टेट्राक्लोराइड सहजी पेटत नाहीत. दुसऱ्याचा उपयोग तर एके काळी अग्निशामकांत होत असे. मात्र कार्बन टेट्राक्लोराइड यकृतास घातक आहे, आणि ट्रायक्लोरोएथिलीन मनुष्यात कर्करोगकारक असल्याचा निर्णय आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये दिला. त्यांची वाफ हवेहून जड असल्याने बंद खोलीत जमिनीलगत साचते. ब्रेक साफ करण्याच्या काही फवाऱ्यांतील हेक्झेन दीर्घकाळ श्वासावाटे गेल्यास हातापायांच्या मज्जातंतूंना इजा होते. याखेरीज मळातील शिसे असतेच. त्याची सुरक्षित अशी मात्रा ज्ञात नाही. म्हणून हातमोजे वापरणे, खेळती हवा राखणे, साफसफाईच्या जागी खाणेपिणे वर्ज्य करणे व हात साबणाने धुणे ही पथ्ये कोणत्याही द्रावकाच्या निवडीने टळत नाहीत. मळलेल्या चिंध्या व उरलेले द्रावक गटारात टाकू नये.

वंगणाची गोष्ट याहून सोपी आहे. घरगुती खोबरेल तेल सुमारे २४ अंशांखाली थिजते. पुण्याच्या हिवाळी रात्री त्याने पिस्तुलाची यंत्रणा जड होते. जवसासारखी तेले हवेत वाळून चिकट थर धरतात. मोटारीचे वापरलेले तेल तर आम्लयुक्त व धातुकणांनी भरलेले असते. शिवणयंत्राचे पातळ खनिज तेल ०.२२ इंची पिस्तुलास पुरते; अधिक दाबाने घासणाऱ्या सरकपट्ट्यांना थोडे ग्रीस योग्य. पावसाळ्यातील दमटपणासाठी गंजरोधक द्रव्य मिसळलेले तेल घ्यावे. तेल मात्र थेंबानेच द्यावे, कारण जादा तेलात न जळलेली दारू मिसळून खरवडणारा लगदा बनतो. नेमबाजीपूर्वी नळी व कोठी कोरडी पुसावी, आणि काडतुसांजवळ तेल नेऊ नये.

सारांश, शस्त्र रिकामे असल्याची खात्री दोनदा करून, नित्याच्या सफाईस ३५ अंशांहून अधिक प्रज्वलनांकाचे, गंधहीन केलेले खनिज द्रावक अल्प प्रमाणात घ्यावे, व ते पुसून ताबडतोब तेलाचा पातळ हात द्यावा. असे द्रावक मळ सावकाश काढते, हे खरे. पण जे द्रावक दोन मिनिटे वाचविते, त्याची किंमत कोण व किती वर्षांनी मोजतो, हा हिशेब कारखान्यातील कामगाराइतकाच घरातील नेमबाजालाही लागू आहे.