मामांचे आयर्न आणि जावईबापूंचा संच

आमच्या वाचकांपैकी ज्यांनी गोल्फचा खेळ कधी जवळून पाहिला नाही, त्यांस या लेखाचा विषय काहीसा परका वाटेल. तथापि वर्षानुवर्षे हातात बसलेली विळी, शिवणयंत्र वा करवत बाजूस ठेवून ज्यांना नवी वस्तू वापरण्यास घ्यावी लागली आहे, त्यांस आमची हकीकत कळण्यास अडचण पडू नये.

आमच्या जुन्या संचाचा इतिहास थोडक्यात सांगितला पाहिजे. आमचे मामा ट्रॉम्बे येथील तेलशुद्धीकरण कारखान्यात टर्नर होते. १९७६ साली सरकारने बर्मा-शेल कंपनी ताब्यात घेतली, तेव्हा त्यांचे एक वरिष्ठ साहेब देश सोडून गेले आणि जाताना आपली सात आयर्न मामांस देऊन गेले. तेथून जवळच, चेंबूरला, १९२७ सालापासूनचे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबाचे मैदान आहे; परंतु मामा त्याच्या कुंपणाबाहेरून खेळ पाहत आणि पाहिलेले माहुलच्या मोकळ्या माळावर करून बघत. आमचे शिक्षण तेथलेच. पुढे आम्ही देश सोडला तेव्हा ती आयर्न गादीच्या वळकटीत गुंडाळून प्रथम अश्दोदला आणि नंतर, मुलीच्या नोकरीमुळे आम्हीही तिच्यामागोमाग आलो तेव्हा, लायडनला आणली. इस्राएलात असताना कैसरियाच्या मैदानावर आम्ही उणेपुरे चार वेळा गेलो असू. खेळाची खरी सवय लागली ती या गावी.

त्यात नवल नाही. वाळूच्या टेकड्या, पाणथळ कुरणे आणि सतत वाहणारा वारा यांच्या या मुलखात काठीने चेंडू टोलविण्याचा खेळ फार जुना आहे. ‘कोल्फ’ या डच शब्दाचा अर्थच टोलविण्याची काठी असा असून ‘गोल्फ’ हे नाव त्यावरूनच आले असावे असे अनेकांचे मत आहे. हारलेमच्या नागरिकांस १३८९ सालीच खेळासाठी वेगळे मैदान नेमून मिळाले. १५९७ साली बारेंट्सच्या तुकडीचे खलाशी उत्तर ध्रुवाकडील नोवाया झेम्ल्या बेटावर बर्फात अडकले होते, तेव्हाही त्यांनी कोल्फची काठी तयार करून हातपाय मोकळे केल्याची नोंद त्यांच्या रोजनिशीत आहे. लायडनमध्येच जन्मलेल्या रेम्ब्रांटने १६५४ साली कोल्फ खेळणाऱ्या माणसाचे एक छोटे कोरीव चित्र केले. त्या काळच्या काठ्या लाकडी असत व टोकास शिशासारख्या धातूचे वेष्टण असे. त्या बदलताना खेळणाऱ्यांस किती दिवस त्रास झाला, हे मात्र कोणी लिहून ठेवलेले नाही.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या उजव्या कोपराच्या आतील बाजूस कळ येऊ लागली. फळ्यावर लिहितानाही हात खाली घ्यावा लागे. उपचार करणाऱ्या बाईंनी सांगितले की एक तर खेळ थांबवा, नाहीतर हलक्या दांड्याची आयर्न घ्या. मामांच्या आयर्नचे पोलादी दांडे प्रत्येकी सव्वाशे ग्रॅमच्या आसपास भरतात; ग्रॅफाइटचे दांडे साठ ते ऐंशी ग्रॅममध्ये मिळतात, आणि चेंडूऐवजी जमिनीवर फटका बसला तर त्याचा हादराही कमी पोचवितात. आम्ही खेळ थांबविण्याचाच विचार करीत होतो. इतक्यात ३ ऑक्टोबरचा दिवस आला. १५७४ साली लायडनचा वेढा उठला त्याची आठवण म्हणून त्या दिवशी गावभर हेरिंग मासा आणि पांढरा पाव खातात. त्या संध्याकाळी जावईबापू एक लांबट खोके खांद्यावर घेऊन आले.

“पप्पा, हे तुमच्यासाठी. आता कोपराचं निमित्त चालायचं नाही,” ते म्हणाले.

आमच्या मंडळींनी खोके उघडण्यापूर्वीच निकाल दिला. “अहो, मामांचं लोखंड आता माळ्यावर ठेवा. खेळायचं सोडलंत तर दिवसभर घरात बसून आम्हांला शिकवीत राहाल.”

नव्या संचात पाच ते नऊ क्रमांकांची पाच आयर्न आणि एक पिचिंग वेज होती. दिसावयास ती मामांच्या आयर्नच्या मानाने स्थूल. मामांचे पाते सुरीसारखे सडपातळ, पाठ भरीव, तळ अरुंद. नव्याची पाठ कोरून पोकळ केलेली, तेथले वजन कडांकडे व तळाकडे सरकविलेले, तळ बोटभर रुंद. कार्स्टन सोल्हाइम या अभियंत्याने १९६०च्या दशकात ही कल्पना रुजविली. वजन कडांस गेल्यामुळे चेंडू पात्याच्या मध्यभागी न लागता थोडा बाजूस लागला तरी पाते कमी पिळते. आमच्यासारख्या हौशी माणसाचे दहापैकी सहा चेंडू बाजूसच लागतात, तेव्हा ही सोय आमच्यासाठीच झाली असे म्हणण्यास हरकत नाही.

तरीही पहिले तीन आठवडे आमची त्रेधा उडाली. शिक्षणशास्त्राच्या वर्गात थॉर्नडाइकच्या नावाबरोबर ‘नकारात्मक संक्रमण’ हा शब्द आम्ही पाठ केला होता. नवी परिस्थिती जुन्यासारखी दिसते, परंतु तिला उत्तर वेगळे द्यावे लागते, अशा वेळी जुनी सवय मदत न करता आडवी येते. आपल्या लोकांस याचा अनुभव उल्पानच्या पहिल्याच दिवशी येतो. मराठीतला ‘मी’ हिब्रूत ‘कोण’ होऊन बसतो, आणि आपण स्वतःची ओळख सांगू लागलो की बाई आपल्याकडे चमत्कारिक नजरेने पाहतात. गोल्फमध्ये आमचे तसेच झाले. आयर्नवरचा आकडा ओळखीचा, अर्थ मात्र निराळा.

मामांच्या सात नंबरच्या पात्याचा कल सुमारे ३६ अंश. नव्या सात नंबरचा कल २९ अंश, दांडाही अर्ध्या इंचाने लांब. म्हणजे नवे सात हे वस्तुतः जुने पाच किंवा सहा आहे, फक्त त्यावर सात कोरले आहे. गेल्या काही दशकांत कंपन्यांनी एकेका क्रमांकाचा कल असा कमी करीत आणला. ग्राहकाने दुकानात सात नंबर उचलावे, चेंडू पूर्वीपेक्षा दूर गेलेला पाहावा आणि खूश होऊन पैसे मोजावेत, हा त्यातला व्यापार. मात्र तळाशी वजन असल्यामुळे कमी कलाचेही पाते चेंडू उंच उडविते, ही गोष्टही खरी, तेव्हा सगळीच फसवणूक आहे असे आम्ही म्हणणार नाही. पण आमचा चेंडू हिरवळीवर थांबण्याऐवजी तिच्या पलीकडे, दोनदा तर थेट कालव्यात गेला. त्यातही हा उंच चेंडू समुद्राकडून येणाऱ्या पश्चिमेच्या वाऱ्यात सापडला की पुढे जावयाचे विसरून जागीच तरंगतो आणि खाली येतो. वाऱ्याचा आणि आकड्याचा हिशेब एकाच वेळी जमेना.

शेवटी आम्ही शाळेतला उपाय केला आणि एक वही घातली. दर गुरुवारी सरावाच्या मैदानावर एकेका आयर्नने दहा चेंडू मारावयाचे, सर्वांत लांबचे दोन व सर्वांत आखूड दोन सोडून द्यावयाचे, उरलेल्या सहांची सरासरी लिहावयाची. लांबचे दोन सोडणे फार जिवावर येते. परंतु सामन्यात ते दोन कधी उपयोगी पडत नाहीत. आरंभ लहान आयर्नपासून केला, तोही अर्ध्या झोक्याने, चेंडू लाकडी खुंटीवर ठेवून. ज्ञाताकडून अज्ञाताकडे, सुलभाकडून कठिणाकडे, हे आम्ही तीस वर्षे मुलांस सांगत आलो. स्वतःला सांगावयास मात्र विसरलो होतो. हिवाळा सरता सरता वहीत आकडे स्थिर होऊ लागले. जुन्या सातने आमचा चेंडू ११० मीटर जाई, नव्याने १२४. (मामा सारे यार्डांत सांगत. येथे मीटर आहेत. शंभर यार्ड म्हणजे ९१ मीटर, हा गुणाकारही मनातून काढून टाकावा लागला.)

एक दोष मात्र सरावाने जाईना. चेंडू सरळ न जाता सारखा डावीकडे वळे. आम्ही आमच्या मनगटास दोष देत होतो. मैदानावरच्या शिक्षकाने चेंडूवर शाईच्या पेनाने एक उभी रेघ ओढली, ती रेघ आयर्नकडे करून चेंडू ठेवला आणि मारावयास सांगितले. पात्यावर उमटलेली रेघ तिरपी निघाली. दांडा लांब झाल्यामुळे पात्याचे पुढचे टोक जमिनीपासून उचललेले राहत होते, आणि उजव्या हाताने खेळणाऱ्याचे टोक उचलले की पाते डावीकडे पाहते. त्याने सहाही आयर्न यंत्रात धरून दोन दोन अंशांनी वाकवून दिली. पुढच्या खेपेस रेघ सरळ उमटली. दोन महिने आम्ही निष्कारण मनगटास शिव्या दिल्या. वर्गातही असे होते. मुलगा आळशी ठरतो आणि बाक उंच असतो.

जानेवारीत आकडे वाढणे थांबले. बी.एड.च्या पुस्तकात याला ‘पठारावस्था’ म्हणतात. १८९७ साली ब्रायन आणि हार्टर यांनी तारयंत्र शिकणाऱ्यांत ती दाखविली. पठारावर माणूस थांबलेला दिसतो तरी आतून काही तरी जुळत असते, असे आम्ही पालकांस सांगत असू. गारठलेल्या जमिनीवर, सुन्न बोटांनी, पठारावर उभे राहून मात्र ते पटत नाही. आमच्या बाबतीत अडचण हलकेपणाची होती. मामांचे आयर्न जड, ते स्वतःच्या वजनाने खाली येई. आपण फक्त धीर धरावयाचा. नवे हलके, त्यामुळे हात घाई करी. आम्ही मनात मराठी पाढे म्हणू लागलो, ‘बे एके’ला वर, ‘बे’ला खाली. हसू नये. फेब्रुवारीत झोका परत मिळाला, आणि कोपराची कळ कधी गेली हे कळलेही नाही.

त्याच महिन्यात वहीने आणखी एक उणीव दाखविली. नव्या पिचिंग वेजचा कल ४३ अंश, तिने चेंडू ९२ मीटर जाई. वाळूतून काढावयाच्या वेजचा ५६ अंश, तिने ६२ मीटर. मधल्या तीस मीटरांस हत्यारच नव्हते. सर्व आयर्नचे कल कमी झाल्यामुळे तळाशी पडलेले हे खिंडार. ते बुजविण्यासाठी आणखी एक वेज विकत घ्यावी लागली, ५० अंशांची. घरी येऊन पाहतो तो मामांच्या जुन्या पिचिंग वेजचा कल जवळजवळ तेवढाच! व्यापार तो हाच. मामांची वेज वापरता आली असती, परंतु तिच्या पूर्ण फटक्याने कोपर पुन्हा बोलले असते.

येथे आम्हांस एक कबुली देणे भाग आहे. मामांचे सात नंबर आम्ही माळ्यावर ठेवले नव्हते. हिरवळीच्या काठावरून चेंडू जमिनीलगत सरपटत न्यावयास ते आम्ही पिशवीत ठेवीत असू. नियमाप्रमाणे खेळाडूस चौदाच काठ्या बाळगता येतात. अमेरिकेत १९३८ सालापासून आणि सेंट अँड्रूजच्या नियमांत १९३९ सालापासून हे बंधन आहे. त्याआधी काही नामांकित खेळाडू वीस-पंचवीस काठ्या घेऊन फिरत. आमच्या तेरा आणि मामांचे सात मिळून बरोबर चौदा होत. मग ५० अंशांची वेज आली. पिशवीत ती आम्ही घातली, आणि मोजले मात्र नाही.

एप्रिलमधल्या एका रविवारी क्लबाचा सामना होता, एकास एक, होलमागून होल. प्रतिस्पर्धी सत्तरीचे एक डच गृहस्थ होते, निवृत्त टपाल अधिकारी. पहिला होल बरोबरीत सुटला, दुसराही. दुसऱ्या हिरवळीवरून परतताना वेज पिशवीत ठेवली आणि आमचा हात मामांच्या आयर्नवर पडला. आम्ही जागीच मोजू लागलो. पंधरा. येथे आम्ही नियमांची परीक्षा दिली होती. आम्ही ती एकही चूक न करता उत्तीर्ण झालो होतो. गोल्फमध्ये प्रत्येक जोडीमागे पंच नसतो. आम्ही त्या गृहस्थांस हाक मारून सांगितले. त्यांनी दोनदा विचारले, नक्की मोजलेत ना? नियम स्पष्ट आहे. ज्या ज्या होलवर जादा काठी बाळगली तितके होल वजा, जास्तीत जास्त दोन. तिसऱ्या होलवर उभे राहिलो ते दोन होलांनी मागे.

मामांचे आयर्न खेळातून बाद झाल्याचे सांगून पिशवीत उलटे खोचले. नंतरचा खेळ आमच्या हातून त्या हंगामातला सर्वांत चांगला झाला. नवव्या होलवर वारा समोरून होता; अंतर ११० मीटर, जुन्या सातचे. हात सवयीने सातकडे गेला. वही आठवून नवे आठ हाती घेतले, मग वाऱ्यासाठी पुन्हा सातच काढले आणि अर्ध्या झोक्याने मारले. चेंडू झेंड्यापासून दोन हातांवर थांबला. सतराव्यापर्यंत एक होल भरून काढला. अठरावा बरोबरीत सुटला आणि आम्ही एका होलने हरलो. वजा झालेले दोन कोठे गेले असते, हा हिशेब आम्ही त्या रात्री बराच वेळ केला.

सामन्यानंतर त्या गृहस्थांनी ते आयर्न बघावयास मागितले. सरावाच्या मैदानावर त्यांनी तीन चेंडू मारले. दोन जमिनीलगत वाकडेतिकडे गेले. तिसऱ्याला मात्र तो आवाज आला, जो माहुलच्या माळावर मामांच्या हातून येत असे. ते म्हणाले, याला क्षमा ठाऊक नाही. बिल्ल्यासारखा झिजलेला सातचा आकडा त्यांनी अंगठ्याने पुसून पाहिला आणि कोणाचे, म्हणून विचारले. आम्ही ट्रॉम्बेपासून सुरुवात केली. कॉफी गार होईतो त्यांनी ऐकून घेतले.

घरी जावईबापू वाट पाहत होते. निकाल ऐकून त्यांनी विचारले, “पण पप्पा, माझ्या संचाचा काही दोष नाही ना?”

नाही, असे आम्ही सांगितले, आणि वहीचे नवे पान उघडून आठ नंबरचा आकडा एक मीटरने वाढविला.