नव्याने आणलेल्या माशाचे आजार : बेट्टा मासा आणि भंडाऱ्याचे पाणी

काचपात्रात पाळण्यासाठी आणलेला मासा पहिल्या पंधरवड्यातच मलूल व्हावा, त्याचे पर झडावेत आणि अखेर तो दगावावा, हा अनुभव मत्स्यपालनाच्या छंदात नवा नाही. अशा वेळी मासाच रोगट होता असे म्हणून विक्रेत्यास दोष दिला जातो, किंवा हाती लागेल ते औषध पाण्यात घातले जाते. परंतु या आजारांचे मूळ पुष्कळदा रोगजंतूंत नसून स्थलांतरात आणि पाण्याच्या रसायनात असते. त्याचा उलगडा बेट्टा या माशाच्या उदाहरणाने चांगला होतो.

बेट्टा स्प्लेंडेन्स हा मूळचा सयामचा, म्हणजे आजच्या थायलंडचा. टेट रीगन यांनी १९१० साली त्यास हे शास्त्रीय नाव दिले, आणि २०१९ साली थायलंडने त्यास राष्ट्रीय जलचर म्हणून मान्यता दिली. भातखाचरे व दलदली हे त्याचे वसतिस्थान. कल्ल्यांच्या वर असलेल्या चक्रव्यूहासारख्या इंद्रियामुळे तो पृष्ठभागावर येऊन हवा घेऊ शकतो. भंडारा जिल्ह्यातील मरळ हा मासाही हवेत श्वसन करणारा आहे. म्हणून तो आटत चाललेल्या बोडीतही तग धरतो. या गुणावरूनच बेट्टा लहानशा बरणीतही सुखाने राहतो असा समज रूढ झाला आहे. तो चुकीचा आहे. हवेतील श्वसनाने प्राणवायूची उणीव भरून निघते. शरीरातील अमोनिया मात्र मुख्यत्वे कल्ल्यांतून पाण्यातच टाकावा लागतो. पाणी थोडे असेल तर मासा स्वतःच्याच उत्सर्गात राहतो.

प्रवासात याहून सूक्ष्म घटना घडते. बंद पिशवीत माशाच्या श्वसनाने कर्बवायू साचतो व पाण्याचा सामू उतरतो. अशा पाण्यात अमोनियाचा बहुतेक भाग अमोनियम या तुलनेने निरुपद्रवी रूपात असतो. पिशवी उघडताच कर्बवायू निघून जातो, सामू चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. २५ अंश सेल्सियस तापमानास सामू ७ असता एकूण अमोनियापैकी सुमारे ०.६ टक्के भाग विषारी रूपात असतो; सामू ८ होताच तो सुमारे ५ टक्क्यांवर जातो. म्हणून उघडी पिशवी तासन् तास ठेवून तीत थोडे थोडे पाणी घालीत बसणे नेहमीच हितावह नसते. बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटे पाण्यावर तरंगत ठेवून तापमान सारखे करावे, नंतर मासा जाळीने उचलून पात्रात सोडावा व पिशवीतील पाणी टाकून द्यावे, हे श्रेयस्कर.

नवे पात्र हाही एक धोकाच असतो. अमोनियाचे प्रथम नायट्राइटात व नंतर नायट्रेटात रूपांतर करणारे जीवाणू गाळणीत व वाळूत स्थिरावण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. त्या काळात अमोनिया कल्ल्यांचा दाह करतो, तर नायट्राइट रक्तातील रक्तरंजकाची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटवितो. नळाच्या पाण्यातील क्लोरीन यात भर घालते.

तापमानाचा विचार भंडाऱ्यात विशेष करावा लागतो. बेट्टास सुमारे २४ ते २८ अंशांचे पाणी मानवते. येथे मे महिन्यात पारा ४२ अंशांपलीकडे जातो, आणि पौषातील रात्री लहान पात्रातील पाणी झपाट्याने थंड होते. थंडीने माशाची भूक व रोगप्रतिकारशक्ती मंदावते. उष्णतेने अमोनियाचा विषारी अंश वाढतो.

अशा रीतीने दुर्बल झालेल्या माशावर रोगजंतू सहज मात करतात. परांच्या कडा झिजणे व अंगावर करडे-पांढरे चट्टे पडणे हे बहुधा फ्लॅव्होबॅक्टेरियम कोलम्नारे या जीवाणूचे काम असते. मिठाच्या कणांसारखे ठिपके इक्थिऑफ्थिरियस या एकपेशीय परजीवीचे, तर सोनेरी भुकटीसारखा थर पिसिनोऊडिनियमचा असतो. ठिपक्यांच्या रोगात औषध परजीवीच्या केवळ मुक्त पोहणाऱ्या अवस्थेवर चालते. म्हणून ठिपके दिसेनासे होताच उपचार थांबविल्यास रोग उलटतो. पोट फुगून खवले उभे राहिल्यास बरे होण्याची आशा थोडी असते. काही बेट्टांत क्षयजंतूंच्या कुळातील जीवाणू आढळतात व ते हाताच्या जखमेतून माणसासही बाधतात. म्हणून जखमी हात पात्रात घालू नये.

हा प्रश्न काचपात्रापुरता मर्यादित नाही. कोहळी समाजाने बांधलेले या जिल्ह्यातील तलाव १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपल्यावर शासनाकडे आले आणि 'मामा तलाव' म्हणून ओळखले जाऊ लागले. त्यांतील मासळीवर ढिवर कुटुंबांची उपजीविका चालते. रोहू, कटला व मृगळ यांची बोटुकली पिशव्यांतूनच या तलावांत येते. तीवरही वर सांगितलेलेच संकट ओढवते. बाहेरचा रोग पाण्यात शिरला की काय होते, हे १९८८ साली ईशान्य भारतात पोचलेल्या व्रणरोगाने दाखविले. अफॅनोमायसिस इन्व्हाडन्स या बुरशीसदृश जीवाने होणाऱ्या त्या रोगाने मरळ वर्गातील मासे विशेषेकरून पीडले. शोभिवंत माशांची ने-आण हा त्याच्या प्रसाराचा एक संभाव्य मार्ग मानला गेला आहे.

यावरून दोन नियम निघतात. नवा मासा दोन ते चार आठवडे वेगळ्या पात्रात ठेवून त्याचे निरीक्षण करावे, आणि औषधापूर्वी पाण्याचे तापमान, सामू व अमोनिया तपासावा. आजारी वा नकोसा झालेला मासा, तसेच त्याच्या पात्रातील पाणी, तलावात वा नाल्यात कदापि सोडू नये. घरातील एका माशाबद्दलची निष्काळजी तलावावर पोट असणाऱ्यांना महागात पडू शकते.