मान खाली न घालता

चाळीस वर्षं पेटी वाजवली ती मान खाली घालून. नातीच्या व्हायोलिनला साथ द्यायची म्हणून इलेक्ट्रॉनिक कीबोर्डवर स्टाफ नोटेशन वाचू लागलो आणि ती खोड नडली. हाताकडे पाहिलं, की कागदावरची ओळ सापडेनाशी होई. शेवटी हातांवर पंचा टाकला.

काळ्या पट्ट्या दोन-तीनच्या गटांत असतात. दोनच्या गटाला डावीकडून लागून असलेली पांढरी, ती ‘सी’. आपल्या पेटीवाल्यांची ‘पांढरी एक’. बोटांना हे उंचवटे पुरतात. पेट्झोल्डचा जी मेजरमधला मिन्युएट (बरीच वर्षं बाखच्या नावावर खपलेला) वाजवायला घेतला. चुकलं तरी मागे फिरायचं नाही, हे पंच्यापेक्षा अवघड; नात काही थांबत नाही! परवा पहिले १६ बार दोघांनी एकत्र संपवले. डावा हात मध्येच एकदा पंच्याबाहेर आला होता.