टर्की किती वेळ भाजायची?

नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी, थँक्सगिव्हिंगला, अमेरिकेतल्या घरांत जेवण किती वाजता होणार हे टर्की ठरवते, आणि तिचा हिशेब रविवारीच सुरू होतो. दुकानातली टर्की बहुतेक वेळा कडक गोठलेली असते. फ्रिजमध्ये ती सुटी व्हायला चार-पाच पौंडांमागे एक दिवस धरायचा, म्हणजे 16 पौंडांच्या पक्ष्याला चार दिवस. बुधवारी आठवण झाली तर थंड पाण्यात बुडवून ठेवायची आणि दर अर्ध्या तासाने पाणी बदलायचं. पौंडामागे अर्धा तास, एकूण आठ तास!

ओव्हन 325 अंश फॅरनहाइटवर. पुढचा हिशेब इथे बहुतेकांना तोंडपाठ असतो: पौंडामागे पंधरा मिनिटं. मध्यम पक्ष्याला तो बरा लागू पडतो, फार लहान किंवा फार मोठ्याला नाही. स्टॅनफर्डच्या रेषीय त्वरकाचे पहिले संचालक, भौतिकशास्त्रज्ञ वोल्फगांग पानोफ्स्की यांना हा सरळ गुणाकार पटला नाही. उष्णता बाहेरून आत झिरपते आणि तिला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाने वाढतो. वजन मात्र घनाने वाढतं. म्हणून त्यांनी सूत्र मांडलं: सारणासकट वजनाचं घनमूळ काढा, त्याचा वर्ग करा, दीडने भागा, उत्तर तासांत. 12 पौंडांना साडेतीन तास येतात, पण दुप्पट वजनाला सात नाही, साडेपाचच. मला हे सूत्र फार आवडतं. सणाच्या स्वयंपाकाकडे इतक्या गांभीर्याने पाहणारा माणूस त्यामागे दिसतो.

तरी सूत्राला पक्ष्याचा आकार कळत नाही, ओव्हनचा स्वभाव कळत नाही, पक्षी फ्रिजमधून किती गार निघाला तेही कळत नाही. न्यू जर्सीत आमच्या शेजारी सत्तरीतल्या एक बाई राहतात. त्यांच्या स्वयंपाकघरात मी हे काम जवळून पाहिलं. कुकरच्या शिट्ट्या मोजून डाळ शिजवणाऱ्या मला वाटलं होतं, घड्याळ वाजलं की टर्की बाहेर. त्यांनी तर हिशेबाची वेळ भरायच्या पाऊण तास आधीच ओव्हनचं दार उघडलं आणि थर्मामीटरची सुई मांडीच्या अगदी आतल्या बाजूला, सांध्याजवळ घातली. हाडाला लागली तर आकडा फसवतो, म्हणून किंचित मागे घेतली. तिथे 148. छातीच्या सर्वांत जाड भागात 157. मांडी अंगाला चिकटून असते, तिथे ऊब उशिरा पोहोचते. छाती वर उघडी असते. त्यांनी छातीवर फॉइल घातलं आणि दार चटकन लावलं, कारण उघड्या दारातून ओव्हनची ऊब भराभर जाते.

हवा असतो 165 अंशांचा आकडा, म्हणजे सुमारे 74 सेल्सियस, आणि तो छाती, मांडी, पंखाचा आतला भाग अशा सगळीकडे. पोटात सारण भरलं असेल तर त्याच्या मध्यभागीसुद्धा. रस स्वच्छ निघाला म्हणजे झालं, असं पुष्कळजण मानतात. पण नीट शिजलेलं मांसही कधी गुलाबी दिसतं, आणि वरून खरपूस झालेला पक्षी आत कच्चा असू शकतो. काही टर्कींच्या छातीत प्लॅस्टिकचं बटण खोचलेलं येतं आणि उष्णता पुरेशी झाली की ते वर उडतं. त्याला फक्त स्वतःच्या जागेचं कळतं. मांडीचं काय, ते सुईच सांगते. छाती 165 च्या फार पुढे गेली की कोरडी पडते, मांडी मात्र 175 पर्यंत गेली तर उलट मऊ होते, कारण तिथल्या चिवट ऊतींना विरघळायला जास्त उष्णता लागते.

बाहेर काढल्यावर वीस-तीस मिनिटं हात लावायचा नाही. रस आत मुरतो, आणि तेवढ्या वेळात ओव्हन रताळी व पाव गरम करायला मोकळा होतो. जेवण तीनला हवं असेल तर बाई टर्की अडीचला नाही, दोनलाच तयार होईल असं धरून चालतात. लवकर झाली तर ती फॉइलखाली गरम राहते. उशीर झाला तर मात्र आच वाढवून उपयोग नसतो, सालच करपते.